जेटी रेडिओवरची एक मिनिट शांतता

बाबाच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस गुरुवार होता, आणि त्या दिवशी आमचं भांडण एका सीगलवरून झालं.

रोजच्यासारखा तो अंधारात उठून लिहीत बसला, लिहिलेलं खिशात घालून सायकलवरून जेटी रेडिओवर गेला. आधी भरती-ओहोटीच्या वेळा वाचल्या, मग खेकडे जेटीच्या कुठल्या बाजूला लागतायत ते सांगितलं, आणि मग त्याची ती पाच मिनिटं सुरू झाली. त्या पाच मिनिटांना नाव नव्हतं. पोर्ट हॅलोरनमध्ये लोक त्यांना नुसतं "मर्व्ह" म्हणायचे. "मर्व्ह झाला का?" "मर्व्ह होऊ दे, मग निघू." माझ्या बापाचं असं वेळेच्या एका मापात रूपांतर झालेलं होतं, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

त्या गुरुवारी त्याने कॅनबेराचा समाचार घेतला. तिथे एका समितीने दुसऱ्या समितीचा अहवाल स्वीकारला होता. "स्वीकारणं आणि वाचणं या दोहोंमध्ये," बाबा म्हणाला, "आपल्या आखातापेक्षा जास्त पाणी आहे." तिथून तो कवितेवर आला. कविता भरतीसारखी नसते, ओहोटीसारखी असते; पाणी मागे हटलं की खाली काय काय होतं ते दिसतं, असं त्याचं म्हणणं. आणि तिथून तो एकदम, खिमा-बटाटा भरलेल्या करंज्या म्हणजे पास्टी विकणाऱ्या बेकरीबाहेरच्या एकपायी सीगलवर घसरला. तो सीगल खिन्न आहे, असं त्याने अख्ख्या गावाला सांगून टाकलं.

तो घरी आल्यावर मी म्हटलं, "सीगल खिन्न नसतो, बाबा. सीगल भुकेला असतो."

"तू विचारलंस त्याला?"

"तू विचारलंस?"

"मी त्याला रोज पास्टीचा तुकडा देतो. आमचं बोलणं आहे."

मी गावच्या वाचनालयात काम करते आणि दुसऱ्यांच्या वाक्यांना नावं ठेवण्याइतपत वाचलेलं आहे. त्यामुळे आमच्या घरी सकाळ अशीच जायची. दुपारी त्याने टोमॅटोंना पाणी घातलं, नगरपरिषदेच्या नव्या गोल चौकाला उद्या रेडिओवर कसं झोडपणार ते मला सांगितलं आणि रात्री लवकर झोपला. शुक्रवारी भरती वेळेवर आली. बाबा उठला नाही.

अंत्यविधीबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. लोक आले, प्रत्येक जण घरून एकेक पदार्थ घेऊन आला, आणि अंड्याच्या सँडविचांचा एवढा ढीग झाला की दुःखाला बसायला जागा उरली नाही. मी एक कविता वाचली. दुसऱ्या कोणाची तरी. शोकाच्या कविता मला भरपूर माहीत आहेत. कुठलीही एक उचलावी आणि तिच्यामागे उभं राहावं, एवढी सोय साहित्याने करून ठेवलेली आहे. "छान वाचलंस हो," सगळे म्हणाले. छान वाचलं, यात शंकाच नव्हती.

पुढच्या सोमवारी ग्लेनिस आली. ग्लेनिस हॉकडे म्हणजे जेटी रेडिओची अध्यक्ष. हे रेडिओ केंद्र फुटबॉलच्या मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि तिथे कोणालाही पगार नाही, त्यामुळे प्रत्येकाला पद आहे. ग्लेनिसने बरीच वर्षं शाळेची बस चालवली होती आणि अजूनही ती समोरच्याशी मागच्या सीटवर दंगा चाललेला असल्यासारखी बोलते.

"हे बघ रोवीना, सरळच सांगते. मर्व्हची पाच मिनिटं पुढच्या सोमवारपासून रॉस पेनहॉलला दिलीत. गवत कापायच्या यंत्राची निगा कशी राखावी, त्यावर बोलणार आहे तो."

"रोज?"

"विषय मोठा आहे म्हणतो. या आठवड्यात मात्र ती जागा रिकामी आहे. तू येऊन दोन शब्द बोल."

"नाही."

"अगं, त्याची मुलगी तू. एवढी पुस्तकं वाचतेस."

"म्हणूनच नाही. त्यापेक्षा एक मिनिट शांतता ठेवा. त्याच्या वेळेला. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

आमच्या गावात "एवढंच" म्हणणाऱ्या माणसाला वेळीच आवरायला हवं, असा माझा आता सल्ला आहे. पण तेव्हा मला ती मागणी अगदी वाजवी वाटली. शांत उभं राहणं आमच्या लोकांना लहानपणापासून येतं. एप्रिलमध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी पहाटे स्मारकापाशी आम्ही उभे राहतो, माजी सैनिकांच्या क्लबात संध्याकाळी त्यांच्यासाठी दिवे मंद झाले की हातातला ग्लास खाली ठेवून उभे राहतो, एखादा जुना पंच गेला तर क्रिकेटच्या मैदानावरही उभे राहतो. मनातलं सांगायला आम्हाला दुसरं साधन नाही. मी कोणाकडे भाषण मागितलं नव्हतं, पैसे मागितले नव्हते. रॉसची यंत्रं सुरू होण्याआधी, त्या जागी एकदा, कोणीही काहीही बोलू नये, एवढीच माझी इच्छा होती. आणि त्यातही मुख्य म्हणजे मी बोलू नये.

मंगळवारी समिती बसली. एक मिनिट गप्प कसं बसावं यावर ती चांगला दीड तास बोलली.

पहिली अडचण नोंदीची. प्रसारित होणारी प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खान्यात बसवावी लागते: संगीत, बोलणं, बातम्या, जाहिरात. शांतता कुठल्या खान्यात घालायची? ग्लेनिसने शहरातल्या कुठल्याशा कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईने विचारलं, ही शांतता स्थानिक आहे की बाहेरून घेतलेली? कारण स्थानिक कार्यक्रमांचं प्रमाण सांभाळावं लागतं.

"स्थानिक," ग्लेनिसने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "असं सांगू ना?"

"आमच्याच घरची आहे," मी म्हटलं.

दुसरी अडचण बेकरीची. मर्व्हच्या आधी बेकरीची जाहिरात लागायची आणि तिचे वर्षाचे पैसे येऊन चुकले होते. बेकरीवाला भला माणूस. तो म्हणाला, जाहिरात काढू नका, पण प्रसंगाला शोभेल अशी करा. म्हणून ग्लेनिसने स्वतः मजकूर लिहिला आणि तो मला मोठ्याने वाचून दाखवला: "यानंतरची एक मिनिट शांतता आपल्यापर्यंत पोहोचवत आहेत आपले लाडके पास्टीवाले." तिचे डोळे भरून आले होते. अशा माणसाला काय सांगणार?

घरी येते तर शेजारच्या व्हूलामावशी कुंपणापाशी उभ्या. त्यांचे यजमान मासेमारी करायचे. ते गेल्यापासून मावशी काळ्या कपड्यांत असतात आणि मृत्यूच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा असतो. उकडलेल्या गव्हात साखर, मनुका आणि डाळिंबाचे दाणे घालून त्यांनी माझ्यासाठी वाडगाभर आणलं होतं. गेलेल्या माणसासाठी असं त्या, आपल्या मायदेशाच्या रीतीने, नवव्या दिवशी करतात, चाळिसाव्या दिवशी करतात आणि मधल्या काळात मनाला वाटेल तेव्हा करतात.

"एक मिनिट?" त्या म्हणाल्या. "माझ्या स्टॅव्हरोससाठी मी चाळीस दिवस रडले. मोठ्याने. गाढवं पळून गेली."

"आमच्यात रडत नाहीत मावशी. आमच्यात उभे राहतात."

"उभे राहून काय होतं? आणि पोरी, रेडिओवर शांतता म्हणजे रेडिओ बंद. मी तर बॅटरी बदलेन."

हा सल्ला मी हसण्यावारी नेला. वाचलेल्या माणसाचा हा एक दोष असतो; शहाणपण कुंपणावरून आलं की त्याला ते ओळखू येत नाही.

बुधवारी सकाळी मी केंद्रावर गेले. यंत्रांचं सगळं नेव्ह बघतो. तो निवृत्त वीजतंत्री, बाबापेक्षा थोडा लहान, आणि इतका कमी बोलतो की बाबा त्याला आपला सर्वोत्तम श्रोता म्हणायचा. ग्लेनिसने भरतीच्या वेळा वाचल्या, खेकडे वाचले, पास्टीवाल्यांच्या वतीने शांतता जाहीर केली आणि मान खाली घातली. मीही घातली. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मला एकदम बरं वाटलं. बाबाची रिकामी खुर्ची, बंद माइक, आणि कोणी काही बोलत नव्हतं.

आणि मग स्पीकरमधून फुटबॉल क्लबचं विजयगीत सुरू झालं.

विजयगीत म्हणजे आमचा क्लब शेवटचा जिंकला त्या वर्षीचं, भरपूर प्यायलेल्या तीस पुरुषांनी कपडे बदलायच्या खोलीत गायलेलं. ग्लेनिस ओरडली, "नेव्ह!" नेव्ह काचेपलीकडे हात वर करून उभा होता, पिस्तूल रोखल्यासारखा.

झालं होतं असं. केंद्रात एक यंत्र आहे. प्रसारणात वीसेक सेकंद काही आवाज नसला, की केंद्रात काहीतरी बिघडलंय असं समजून ते आपलं आपण एक राखीव ध्वनिफीत लावतं. नेव्ह त्याला राखणदार म्हणतो. ती फीत नेव्हने कधी काळी हाताला लागली ती घालून ठेवली होती, आणि तिची गरज इतक्या वर्षांत पडली नव्हती, कारण जेटी रेडिओवर वीस सेकंद कोणी गप्प बसलंच नव्हतं.

गावात काय झालं ते मला दिवसभर कळत राहिलं. बेकरीत सगळे ग्राहक टोप्या काढून उभे होते. गीत सुरू झालं. आमच्याकडे क्लबचं गीत लागलं की उभं राहून गायचं असतं, आणि हे तर आधीच उभे होते. ते गायले. हातात पास्टी घेऊन, माना खाली घालून, शेवटच्या आरोळीसकट गायले. वृद्धाश्रमातही गायले म्हणतात. आणि अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांचा कप्तान सातूच्या शेतात ट्रॅक्टरवर होता, त्याने घोषणा ऐकली नव्हती. फेब्रुवारीतल्या वाळक्या गवतात रेडिओ अचानक गप्प झाला, याचा अर्थ त्याने त्याच्या परीने लावला. गीताचं दुसरं कडवं संपायच्या आत बंब शेडच्या दारात होता.

"आग कुठाय?" त्याने विचारलं.

"आग नाही," ग्लेनिस म्हणाली. "मर्व्हसाठी शांतता होती."

त्याने स्पीकरकडे पाहिलं. मग हेल्मेट काढलं आणि उरलेलं गीत पूर्ण होईपर्यंत तोही उभा राहिला.

दिवसभर लोक मला भेटून हात दाबत होते. "झकास झालं." "मर्व्हला फार आवडलं असतं." बाबाला फुटबॉलचा तिटकारा होता. त्याने रेडिओवरून आयुष्यात जी काही टोकाची विधानं केली ती सगळी फुटबॉलवर. पण मी "थँक यू" म्हणत होते. मानभंग झालेल्या माणसाने सभ्य राहावं, म्हणजे निदान दोघांपैकी एकाची तरी लाज राहते.

संध्याकाळी मी नेव्हला म्हटलं, "उद्या तो राखणदार बंद कर. एक मिनिटासाठी."

"नाही जमणार, रो."

"एक मिनिट, नेव्ह."

"वणव्याचे दिवस आहेत. सूचना याच रेडिओवरून जातात. मी ते बटण बंद केलं आणि नेमकं..." त्याने वाक्य सोडून दिलं. त्याची वाक्यं अशीच असतात. अर्धं तुम्ही घरी नेऊन पूर्ण करायचं. मी केलं, आणि ते बरोबर होतं. बाबानेसुद्धा त्याला ते बंद करू दिलं नसतं.

मग नेव्हनेच उपाय काढला. शांतता ध्वनिमुद्रित करायची. पण अगदी कोरी नाही, थोडा आवाज असलेली. जेटीच्या टोकाला जाऊन समुद्र टिपायचा; लाटांचा आवाज राखणदाराला पुरेल आणि ऐकणाऱ्याला शांतता वाटेल. कल्पना सुंदर होती. बाबाने यावर पाच मिनिटं सहज काढली असती: शांतता म्हणून आपण जे ऐकतो ते बहुतेक वेळा पाणी असतं, असं काहीतरी.

आम्ही दोघंच गेलो. निदान निघालो तेव्हा दोघंच होतो. पण जेटीवर खेकड्यांची जाळी टाकून माणसं बसलेली असतात, आणि नेव्हच्या हातात माइक होता. "काय रे, काय चाललंय?" "मर्व्हची शांतता घेतोय." बस. त्याने इतकं बोलायला नको होतं. आयुष्यभर गप्प राहून माणूस नेमका एकदा बोलतो आणि घात करतो. बघता बघता माणसं गोळा झाली. प्रत्येकाला मर्व्हच्या शांततेत आपलीही थोडी शांतता घालायची होती. कोणी घरून बायकोला बोलावलं, तिने शीतपेटी आणली, कोणाचा कुत्रा आला. सगळे टोप्या काढून माइकभोवती उभे राहिले. तीसचाळीस माणसं एकत्र गप्प बसली की केवढा आवाज होतो, हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही.

गुरुवारी सकाळी ते प्रसारित झालं. लाटा होत्या, नाही असं नाही. पण मुख्यतः खोकला होता. शीतपेटीचं झाकण होतं. कुत्रा होता. आणि बरोबर मध्यावर एक बाई कुजबुजली, "अजून किती?" आणि एक पुरुष म्हणाला, "गप. संपत आलं. खेकडा पळतोय बघ."

राखणदार बिचारा समाधानाने गप्प राहिला. गाव मात्र राहिलं नाही. ती कुजबुजणारी बाई कोण, यावर दुपारपर्यंत दोन घराण्यांचं बोलणं बंद झालं. पोस्टात मला थांबवून एकीने सांगितलं, की तो खोकला तिच्या नवऱ्याचा नव्हता, त्याचा याहून कोरडा असतो. रॉस पेनहॉल भेटला. तो माणूस वाईट नाही. फक्त यंत्रांवर बोलताना त्याचा चेहरा जसा उजळतो तसा माणसांवर बोलताना उजळत नाही. "रोवीना," तो म्हणाला, "शांतता हवीच असेल तर माझ्याकडे नवं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. ऐकूच येत नाही."

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. टोमॅटो पिकून फुटायला लागले होते. मला राग आला होता, पण कोणावर ते कळेना. पुस्तकांत दुःख किती नीटनेटकं असतं. त्यात कुत्रा भुंकला तर त्याला अर्थ असतो. इथे कुत्रा नुसता भुंकला होता. व्हूलामावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ऐकलं मी. कुत्रा चांगला बोलला." मग कुंपणावर वाकून, "तू कुठे होतीस त्यात? तुझा आवाज नव्हता."

"मी शांत होते मावशी. तोच तर उद्देश होता."

"बाकीचे होते तिथे," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

उरला शुक्रवार. सोमवारपासून गवत.

नेव्ह म्हणाला, अजून एक मार्ग आहे. तू स्वतः माइकसमोर बस. अधूनमधून एखादा आवाज कर. टेबलावर टिचकी, कागदाची सळसळ, खाकरणं, काहीही. आवाज मोजणारी सुई हलली की राखणदाराचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. "शब्दच पाहिजेत असं नाही," तो म्हणाला. नेव्हकडून एवढं लांब भाषण मी प्रथमच ऐकत होते, म्हणून हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी बाबाच्या खुर्चीत बसले. खुर्ची एका बाजूला कलते हे मला माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं तिरका बसून बोलत होता आणि रेडिओवर ते कधी ऐकू आलं नव्हतं. ग्लेनिसने भरती वाचली, खेकडे वाचले. पास्टीवाल्यांचं नाव आज तिने गाळलं. बेकरीवाल्यानेच तसं सांगितलं होतं म्हणे. मग ती बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. माइकवरचा लाल दिवा लागला.

मी गप्प बसले. आता ती माझी शांतता होती, खरीखुरी, कुत्र्याशिवाय. काचेपलीकडे नेव्हने बोट वर केलं: सुई खाली गेली होती. मी टेबलावर टिचकी मारली. बोट खाली गेलं. पुन्हा शांतता. पुन्हा बोट. मी कागद हलवला. कोरा होता. बाहेर गाव टोप्या काढून उभं असेल, बेकरीत, क्लबात, जेटीवर, आणि माझ्या टिचक्या ऐकत असेल. त्यांनी आठवडाभर त्यांच्याकडे होता तो आवाज काढला होता: खोकला, आरोळी, बंब. आणि मी त्या सगळ्यांना चुकीच्या जागी बोललात म्हणून मनातल्या मनात लाल रेघा मारत बसले होते.

तिसऱ्यांदा बोट वर आलं. मी खाकरायला तोंड उघडलं.

"बाबा," मी म्हणाले.

सुई पार दुसऱ्या टोकाला गेली. राखणदाराला एवढं पुरे होतं. त्या एका शब्दावर उरलेलं मिनिट सहज निघून गेलं असतं. नेव्हने बोट खाली केलं आणि मग हातही खाली केला, आणि आता थांब, झालं, अशी मान हलवली. मी डोक्यात ओळी शोधत होते. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या आणि सगळ्या चांगल्या होत्या. मी एकही घेतली नाही.

"बाबा, तू मला अजून हवा होतास."